शेड अठरा फुटांची, टेबल किती फुटांचं?

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

‘मी ५४ वर्षांचा. स्वेच्छानिवृत्ती घेतली. बंगल्यामागे १८ बाय ११ फुटांची शेड आहे, तिथे सहा वर्षं हौसेनं सुतारकाम करतोय. १० इंची पात्याचं साधं टेबल सॉ आहे. पुतण्याच्या फ्लॅटचं किचन, बहिणीकडचे वॉर्डरोब, असं घरच्यांचंच काम करतो. गावचा वाडा उतरवला तेव्हाचं सागवानही आणून ठेवलंय. आता ३२०० मिलिमीटरचं स्लायडिंग, म्हणजे सरकतं टेबल असलेलं पॅनेल सॉ, म्हणजे प्लायच्या शीट कापायची मोठी करवत, घ्यायचं मनात आहे. बजेट चार लाख. विक्रेता म्हणतो, घ्यायचं तर पूर्ण शीट बसेल असंच घ्या, नाहीतर पस्तावाल. एका बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यातलं जुनं मशीन निम्म्या किमतीत मिळतंय. घरी सिंगल फेज लाइन आहे. स्कोरिंगचं पातं खरंच लागतं का? बायकोला माझ्या बोटांची काळजी आहे. हात लागताच थांबणाऱ्या करवतीचा व्हिडिओ तिनं पाहिलाय आणि तसलंच घ्या म्हणते. काय करू?’

शेडचं माप तुम्ही सुरुवातीलाच दिलंत, त्यामुळे माझं अर्धं काम झालं. लोक मशीनची मापं तोंडपाठ सांगतात आणि ते ठेवणार कुठे, हे विचारलं की गप्प होतात.

आता टेप घेऊन शेडमध्ये उभे राहा. आठ फुटी प्लाय लांबीत फाडायचा तर पात्याच्या अलीकडे आठ फूट मोकळे लागतात, पलीकडे आठ फूट, आणि तुम्हाला उभं राहायला दोन. झाले अठरा. म्हणजे पाठ भिंतीला टेकवून सुरू करायचं आणि प्लायचं टोक समोरच्या भिंतीला लागेल तेव्हा थांबायचं. तेही मशीन कुठलंही असो. त्यात ३२०० मिलिमीटर म्हणजे साडेदहा फुटांचं टेबल. ते पूर्ण मागे ओढून पूर्ण पुढे ढकललं की एकवीस फुटांची धाव होते. तुमच्या शेडमध्ये ते टेबल आपली पूर्ण धाव एकदाही धावणार नाही. जी लांबी वापरता येणार नाही तिचे पैसे भरायचे आणि वर तिनं अडवलेली जागाही सोसायची, हा व्यवहार करू नका.

विक्रेता खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. त्याचं गिऱ्हाईक कारखानदार असतं. सरकत्या टेबलाची ही पद्धत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी १९०६ साली बर्लिनमध्ये आणली, आणि तेव्हापासून हे मशीन वाढलं ते कारखान्यात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शीटमागून शीट पडत असेल, दोन माणसं उचलायला असतील, तर लांब टेबलाला पर्याय नाही. तुमच्याकडे महिन्याला किती शीट येतात? सहा? आठ? १८ मिलिमीटरची एक शीट तीस-पस्तीस किलोंची असते. ती एकट्यानं उचलून कमरेइतक्या उंच टेबलावर चढवायची, गुण्यात, म्हणजे काटकोनात लावायची आणि मग ढकलायची, हे चोपन्नाव्या वर्षी रोजचं काम करून घेऊ नका.

शीट जमिनीवरच फोडा. दोन इंच जाडीचा थर्माकोल किंवा फोमचा तक्ता खाली अंथरायचा, वर प्लाय, आणि ट्रॅक सॉ. म्हणजे अॅल्युमिनियमच्या पट्टीवर चालणारं हातातलं सर्क्युलर सॉ. शीट जागची हलत नाही, करवतच चालते. आठ फुटांच्या कापाला अखंड लांब पट्टी मिळाली तर उत्तम. दोन पट्ट्या जोडायच्या असतील तर जोडावर लांब सरळपट्टी लावून बघा, तिथे केसाएवढा कोन राहिला तरी तो कापात उतरतो. तुकडे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठे ठेवा. मग ते हलके, आवाक्यातले तुकडे सरकत्या टेबलावर घेऊन नेमक्या मापात आणि काटकोनात कापा. एका माणसाची कार्यशाळा अशीच चालते. मी स्वतः पंधरा वर्षं कामगार ठेवून धंदा केला आणि गेली बारा वर्षं एकटा काम करतोय, म्हणून हे ठामपणे सांगतोय.

तर टेबल किती लांब? माझं उत्तर: १६०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सव्वापाच फूट. धाव साडेदहा फुटांची, अधिक तुम्ही उभे राहणार ती जागा. अठरा फुटांत ते ऐसपैस बसतं. १२५० ची टेबलंही मिळतात आणि चार फुटी प्लाय म्हणजे १२२० मिलिमीटर, मग बसेल की, असं वाटतं. बसतो, पण जेमतेम. पातं टेबलाच्या वर येतं तिथे त्याचीही रुंदी असते. ती, पुढचं लहान स्कोरिंगचं पातं आणि आडव्या फेन्सची, म्हणजे लाकूड टेकवायच्या पट्टीची जागा धावेतून वजा केली की काप संपायच्या आधी टेबल संपतं. वॉर्डरोबच्या बाजू दोन फुटी, किचनचे खण दोन-अडीच फुटी, पलंगाची फळी फार तर साडेचार फुटी रुंद. तुमचं नव्वद टक्के आडवं कापणं सव्वापाच फुटांच्या आत येतं.

मशीन भिंतीलगत न लावता पातं शेडच्या दाराच्या रेषेत येईल असं लावा. कधी दहा फुटी फळी फाडायची वेळ आलीच तर दार उघडायचं, फळीचं टोक अंगणात जाईल. रुंदीचीही काळजी घ्या. टेबलाला डावीकडे आधाराचा हात असतो, त्यावर आडवी फेन्स बसते. तो धरून मशीन तुमच्या अकरा फुटांतला बराच भाग व्यापेल. हा हात काढून ठेवता येतो का, आणि परत बसवल्यावर फेन्स त्याच काटकोनात येते का, हे खरेदीआधी स्वतः करून बघा.

काटकोन हाच या खरेदीचा गाभा आहे. सरकतं टेबल घ्यायचं ते काटकोनासाठी, आणि हात पात्यापासून लांब राहावा म्हणून. लांबी त्याच्यानंतर. दुकानात विक्रेता गुण्या लावून दाखवेल, ‘बघा, फट दिसते का?’ गुण्याला ढोबळ चूक दिसते, बारीक दिसत नाही. आणि ती न दिसलेली चूक वॉर्डरोबच्या सात फुटी दाराला खालच्या कोपऱ्यात डोळ्याला दिसेल एवढी फट करते. त्यापेक्षा पाच कापांची चाचणी करा.

साधारण दोन फुटी चौरस एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डचा) तुकडा घ्या, ६०० मिलिमीटरचा. प्लाय नको, त्याची कड फसवते. एक बाजू आडव्या फेन्सला टेकवून तिला लागून असलेली, पात्याकडची बाजू जरा कापा. मग आत्ता कापलेली बाजू फेन्सला टेकवा आणि पुढची कापा. प्रत्येक वेळी तुकडा एकाच दिशेनं फिरवायचा आणि नुकतीच कापलेली कड फेन्सला लावायची. चार बाजू झाल्या की पाचव्यांदा पहिलीच बाजू पुन्हा कापा, पण या वेळी इंचभर रुंद पट्टी निघेल अशी. त्या पट्टीच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करा, ‘अ’ आणि ‘ब’, आणि दोन्हीकडची रुंदी व्हर्नियरनं मोजा. समजा एकीकडे २५.५० आली आणि दुसरीकडे २५.१०. फरक ०.४०. चार कापांची चूक एकावर एक साठून पाचव्या कापात उतरली, म्हणून चारनं भागा. ६०० मिलिमीटरला ०.१० मिलिमीटरची चूक. फेन्सचा स्क्रू ढिला करून, कागदाच्या कपट्याएवढं सरकवून पुन्हा पाच काप. ०.०५ च्या आत आलं की बस. मग फेन्स काढा, परत बसवा आणि चाचणी पुन्हा करा. दुसऱ्यांदाही आकडा तोच आला तर मशीन चांगलं. भलताच आला तर कितीही चकचकीत असलं तरी उठून या. विक्रेत्याला एवढा वेळ द्यायचा कंटाळा असेल तर तो पुढे सर्व्हिसलाही येणार नाही.

हीच चाचणी त्या जुन्या मशीनवरही करा. जुन्यात आणखी दोन गोष्टी बघायच्या. टेबल पूर्ण पुढे नेऊन टोकाला हातानं वर-खाली दाबा, डुललं तर आतले रोलर किंवा त्यांची वाट झिजली आहे. दुसरं, पात्याच्या मागे उभा असतो तो पोलादी पत्रा, रिव्हिंग नाइफ, जागेवर आहे का? आपल्याकडच्या कारखान्यांत तो बऱ्याचदा काढून टाकलेला असतो, आणि नंतर त्या मापाचा शोधूनही मिळत नाही. तो नसेल तर मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका. पण खरं सांगू का, कारखान्यातलं ते मशीन मोठंच असणार, ते आणायला क्रेन लागणार, मोटर थ्री फेजची असणार. तुमच्या शेडपुरतं तरी त्याचा नाद सोडा.

रिव्हिंग नाइफबद्दल मी एवढा हट्टी का आहे ते सांगतो. धंद्याच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. सागाची तीन इंची पट्टी फेन्सला लावून फाडत होतो. आदल्या दिवशी खाच पाडायला तो पत्रा काढला होता आणि परत लावायचा राहिला होता. लाकडात ताण होता. कापलेला भाग मिटत मिटत पात्याच्या मागच्या बाजूला चिमटला. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात. त्यांनी पट्टी उचलली आणि माझ्याकडे फेकली. ३०० मिलिमीटरचं पातं मिनिटाला ४००० फेरे घेतं तेव्हा त्याचे दात सेकंदाला ६० मीटरहून जास्त वेगानं जात असतात. पट्टी माझ्या मांडीला घासून मागच्या लोखंडी दारावर आपटली. दाराला पडलेला पोचा अजून तसाच आहे. मी पात्याच्या रेषेत न उभा राहता जरा डावीकडे होतो, म्हणून पोटात शिरली नाही. त्या दिवसापासून तो पत्रा काढला की मी मशीनचा मेन बंद करतो आणि पत्रा परत बसेपर्यंत दुसरं कामच घेत नाही.

अस्सल लाकूड फाडताना आणखी एक करा. या मशीनची उजवीकडची फेन्स पुढे-मागे सरकते. ती आपल्याकडे ओढून घ्या, इतकी की तिचं पुढचं टोक पात्याच्या मध्याच्या अलीकडेच संपेल. काप झाल्या झाल्या लाकडाला उजवीकडे पसरायला मोकळी जागा मिळते, ते पातं आणि फेन्स यांच्यामध्ये अडकत नाही. प्लायला ताण नसतो, तिथे फेन्स पूर्ण लांब चालते.

आणि तुमचं वाड्याचं सागवान! त्याला सरकत्या टेबलासारखं दुसरं काही नाही. वाकडीतिकडी कड असलेली फळी टेबलावर क्लॅम्पनं आवळायची आणि टेबल ढकलायचं. पहिली सरळ कड एका फेरीत मिळते, रंध्यावर घाम गाळावा लागत नाही. पाच फुटांपर्यंत हे जमेल, त्याहून लांब फळीला ट्रॅक सॉ आहेच. पण त्याआधी खिळे शोधा. जुन्या सागात लोखंड राहिलं असेल तर आजूबाजूला काळपट निळसर डाग पडलेला असतो. नुसत्या डोळ्यावर विसंबू नका, हातात धरायचा छोटा मेटल डिटेक्टर घ्या. एका खिळ्यानं कार्बाइडचे चार दात जातात, आणि ते उडून कुठे लागतील ते आपल्या हातात नसतं. सागात मुळातच सिलिका असतो, त्यामुळे धारही लवकर मरते. म्हणून सागाला वेगळं पातं ठेवा, २४ ते २८ दातांचं. प्लायसाठी ६० च्या वर. दोन्ही कामं एकाच पात्यानं करू गेलात तर साग जळून काळा पडेल आणि प्लायच्या कडेची सालं निघतील.

स्कोरिंग. मोठ्या पात्याच्या अलीकडे एक लहानसं पातं उलट दिशेनं फिरतं आणि शीटच्या खालच्या बाजूला दोनेक मिलिमीटर खोल रेघ पाडतं, म्हणजे मुख्य पातं बाहेर पडताना लॅमिनेटचे टवके उडत नाहीत. तुम्ही कोरा प्लाय कापून वर सनमायका चिकटवता आणि कडा ट्रिमरनं मारता का? मग स्कोरिंगची गरज नाही. दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावून आलेला प्रीलॅम बोर्ड वापरता, किंवा पुढे वापरणार आहात? मग घ्या, आणि सुरुवातीलाच घ्या, कारण नंतर ते बसवता येत नाही. किचनचं काम हल्ली प्रीलॅमकडेच चाललंय, म्हणून माझा कौल घ्या असाच. फक्त हे लक्षात ठेवा: दोन्ही पात्यांची जाडी आणि रेघ तंतोतंत जुळवावी लागते, आणि मुख्य पात्याला धार लावून आणली की ते किंचित बारीक होतं, म्हणजे पुन्हा जुळवणी. पहिले काही दिवस याचा वैताग येईल.

विजेचं. सिंगल फेजवर ३ एचपीची मोटर तुमच्या कामाला पुरते. ती चालताना १४-१५ अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. म्हणून शेडच्या सध्याच्या प्लगवर ती लावू नका. मीटरपासून वेगळी लाइन, किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिला स्वतःचा एमसीबी आणि नीट तपासलेलं अर्थिंग. वायरमनला सांगा, एमसीबी मोटरच्या भाराचा लाव, नाहीतर दर वेळी सुरू करताना ट्रिप होईल. मंजूर भार किती आहे ते बिलावर लिहिलेलं असतं, कमी असेल तर आधी महावितरणकडे अर्ज करा. आणि स्टार्टर नो-व्होल्ट कॉइलचाच हवा. काप अर्ध्यात असताना लाइट जाते, तुम्ही वाकून तुकडा सोडवायला जाता, आणि लाइट परत येते. साध्या स्विचवर पातं त्या क्षणी फिरायला लागेल. नो-व्होल्ट कॉइल असेल तर बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन हलत नाही.

चार लाखांतले चारही मशीनवर घालू नका. एक लाख बाजूला काढा: ट्रॅक सॉ, तीन चांगली पाती, वायरिंग आणि भुसा ओढणारं यंत्र. यातलं शेवटचं लोक पुढच्या वर्षावर ढकलतात, तुम्ही ढकलू नका. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच त्याला पहिल्या गटात टाकलंय. एमडीएफच्या धुळीत फॉर्मल्डिहाइडचं रेझिनही असतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर इथे चालत नाही, चार इंची नळीचा, पिशवीचा डस्ट कलेक्टर लागतो. जमलं तर तो शेडच्या बाहेर पडवीत ठेवा, आवाजही बाहेर राहील.

देखभालीचं एकच सांगतो. टेबल ज्या वाटेवर सरकतं तिला तेल लावू नका. तेलात भुसा मिसळला की त्याचा लगदा होतो आणि रोलर त्यावर उड्या मारतात. रोज संध्याकाळी कोरडं फडकं फिरवा. बिडाच्या टेबलाला पावसाळ्याआधी मेण घासा.

आता वहिनींचा प्रश्न. त्यांनी पाहिला तो व्हिडिओ बहुधा सॉस्टॉप नावाच्या करवतीचा असणार. पात्यातून अगदी सूक्ष्म विद्युत संकेत जात असतो, शरीराचा स्पर्श झाला की तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो. काही हजारांश सेकंदांत पातं थांबतं. तंत्र खरं आहे, पण ते मशीन मुळात वेगळ्या घडणीचं आहे, आणि एकदा ब्रेक लागला की ठोकळा जातो, बहुतेक वेळा पातंही. ते मिळालं तर वाईट नाहीच. पण हात लागल्यावर वाचवणाऱ्या यंत्रापेक्षा हात तिथवर जाऊच न देणारी रीत मला जास्त भरवशाची वाटते, आणि सरकत्या टेबलावर ती सोपी आहे. लाकूड टेबलावर आवळलेलं असतं, हात टेबलाच्या कडेला असतात, पातं दोन फूट लांब.

धोका असतो तो बारक्या तुकड्यांत. मोठं काम नीट होतं आणि शेवटच्या दोन इंची ठोकळीला माणूस बोटं घालतो. जर्मन सुतारांकडे त्यावर एक जोडी असते, तिला ते फ्रिट्झ आणि फ्रान्झ म्हणतात. दोन लाकडी ठोकळे. एक टेबलाच्या खाचेत बसतो, दुसरा आडव्या फेन्सच्या बाजूला राहतो, पकडायला मूठ असते. ठोकळ्यांच्या कडांना पॉलिश पेपर चिकटवलेला असतो, तुकडा दोघांच्या चिमटीत धरायचा आणि दोन्ही हात मुठीवर ठेवून टेबल ढकलायचं. मशीन आल्यावर पहिलं काम म्हणून ही जोडी तुमच्या सागातून बनवा, एका दुपारचं काम आहे.

हातमोजे घालू नका, पातं त्यातला धागा धरून हात ओढून नेतं. बाह्या दुमडलेल्या, मनगटातला गंडादोरा काढलेला, कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा. थकलात की पाती बदलायची कामं करा, कापायची नकोत.

आणि वहिनींना एकदा शेडमध्ये बोलवा. लाल बटण कुठे आहे, मेन कुठून पडतो, हे त्यांच्या हातानं दाबून बघू द्या. मशीन चालू असताना मागून हाक मारायची नाही, समोर येऊन तुमची नजर वर होईपर्यंत थांबायचं, एवढं दोघांत ठरवून घ्या. मग पाच कापांची ती पट्टी मोजायला घ्या आणि आकडा काय आला ते मला कळवा.